थोरलीकडून धाकटीकडे

ती. सौ. वहिनी,

धाकट्या दिराचा नमस्कार. साष्टांगच घालायचा होता, पण गेले कित्येक दिवस एका मशीनच्या पाठीमागे वाकून वाकून कंबर अशी धरली आहे की एकदा आडवा झालो तर उठवायला माणसं लागतील. तेव्हा उभ्याउभ्या घातलेला गोड मानून घ्या. आम्ही इकडे सगळे खुशाल. तुमच्या जाऊबाईंचा गुडघा बरा आहे (म्हणजे दुखतो, पण आता तिच्या सोयीने दुखतो), आणि माझ्या खोकल्याचा मला सोडून सगळ्यांना त्रास होतो. चिऊ, जावई आणि छोटी कशी आहेत? छोटीचे दात येताहेत, ती रात्र-रात्र जागवते, म्हणून आठ दिवस जाऊन येते असं सांगून तुम्ही लेकीकडे गेलात. माझ्या अंदाजाने ते दात एव्हाना येऊन, स्थिरस्थावर होऊन, माणसांना चावायलाही लागले असतील. या कामाला किती वेळ लागतो ते मला नक्की ठाऊक नाही. आमच्या घरात आता कोणाचे यायचे राहिलेले नाहीत, जायचेच राहिलेत.

तुम्ही म्हणाल, लग्नपत्रिकेवर पत्ता लिहायचासुद्धा कंटाळा करणारा हा माणूस आज कागद घेऊन कसा बसला? तर वहिनी, दुसरा मार्गच ठेवलेला नाहीत तुम्ही. चिऊकडे फोन केला की ती 'हॅलो' म्हणते न म्हणते तोच मागून तुमचा आवाज येतो, त्यांचं काही सांगू नकोस म्हणावं. मग मी हवापाण्याचं बोलतो आणि फोन ठेवतो. कागदाला असं गप्प करता येत नाही. फार तर तुम्ही तो बाजूला टाकाल, पण तो तिथेच पडून राहील आणि दुपारी सगळी निजल्यावर तुम्ही तो उचलाल, हे मी इतक्या वर्षांच्या अनुभवाने सांगतो. चिऊ असंही म्हणाली, की आई घरी फोन लावते, सारखा एंगेज येतो, मग रिसीव्हर ठेवून देते आणि त्यानंतर अर्धा तास भांडी जरा जोरात घासते. दादाने फोन मुद्दाम काढून ठेवलाय असं तुमच्या मनाने घेतलंय. त्या फोनचं सांगण्यासाठीच हा कागद. पण त्याआधी माझी रडकथा ऐकावी लागेल, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. (शिवाय ती ऐकायला दुसरं कोणी तयार नाही. तुमच्या जाऊबाई 'मशीन' हा शब्द आला की गुडघा दुखत असतानाही उठून आत जातात.)

आमच्या प्रयोगशाळेचं काम तुम्हाला पाठ आहे, पण हे पत्र चिऊच्या सासूबाईंच्या हाती पडणार नाही याची काय खात्री, म्हणून त्यांच्यासाठी सांगतो. क्रेनचे आणि लिफ्टचे पोलादी दोर आमच्याकडे तपासायला येतात. आम्ही ते यंत्रावर चढवून ओढतो, तुटेपर्यंत ओढतो, आणि किती ओढल्यावर तुटला ते मालकाला कळवतो. मी ओढणारा आणि दादा कळवणारा, अशी आम्हा भावांची वाटणी होती. ओढणारं यंत्र एकाच कॉम्प्युटरचं ऐकतं, ती म्हणजे थोरली. (माणसांतली नव्हे. माणसांतल्या थोरलीचं ऐकणारे आम्ही सगळेच.) थोरली जुन्या काळचं युनिक्सचं मशीन आहे, जड, पिवळट, आणि सुरू होताना जेवून उठलेल्या माणसासारखा आवाज करणारी. तिच्यावरचा प्रोग्राम दुसऱ्या कशावरही चालत नाही, म्हणून तिला कोणी काढू शकत नाही. आणि आमचं सगळं मेल, आतलं-बाहेरचं, तिच्यामार्फतच फोनच्या तारेवरून जातं. म्हणजे थोरली आमची पोस्टमास्तरीण आणि दादा तिचा पोस्टमास्तर.

तिची जुळी बहीण धाकटी. तिची गोष्ट मी तुम्हाला काय सांगायची? भंगारात निघाली तेव्हा दादाने ती टेम्पोत घालून घरी आणली आणि दुसरीकडे जागा नाही म्हणून ओट्याशेजारी मांडली. तुम्ही म्हणालात, या घरात ती तरी राहील नाही तर मी तरी. आणि आठवड्याभराने तुम्हीच तिला लोकरीचं झाकण विणून घातलंत. तिच्यावर तुमच्या नावाची टपालाची पेटी उघडली गेली. तेव्हापासून दादा कामावरून निघाला की थोरली फोन लावायची, धाकटी 'टिंग' करायची आणि पडद्यावर एक ओळ यायची: 'निघालो. चहा टाक.' तुम्ही हात पुसून उत्तर टाइप करायचात: 'टाकलाय. सावकाश या.' मुलं लहानाची मोठी झाली, चिऊ सासरी गेली, झाकणाची लोकर दोनदा बदलली, पण त्या दोन ओळी काही बदलल्या नाहीत.

आणि मग ती संध्याकाळ. दादा निवृत्त झाला त्याचा दुसरा दिवस. समारंभात विसरलेली त्याची छत्री द्यायला मी आलो होतो, म्हणून मी साक्षीदार. दादा तुमच्यासमोर बसून मटार सोलत होता, तुम्ही कोणाच्या तरी साखरपुड्याचं सांगत होतात, आणि धाकटीने 'टिंग' केलं. 'निघालो. चहा टाक.' निघालेला माणूस समोर, हातात शेंग. तुम्ही इतकंच विचारलंत, की हे रोज मशीनच पाठवत होतं का? दुसरा कोणीही नवरा असता तर त्याने काहीतरी थाप मारली असती. आपला दादा विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतो. तो म्हणाला, हो, मशीनच पाठवतं. एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण तुमचा चेहरा बघून त्याला वाटलं की तुम्हाला नीट समजलेलं नाही, म्हणून त्याने पेन्सिल घेतली आणि वर्तमानपत्राच्या कडेला आकृती काढून समजावून सांगायला सुरुवात केली. मी छत्री कोपऱ्यात ठेवून सटकलो. दोन दिवसांनी कळलं की छोटीला दात येताहेत.

आता माझ्या कर्माकडे येतो. दादा गेल्यावर थोरलीला कोण बघणार, हा प्रश्न साहेबांनी चुटकीसरशी सोडवला. हे साहेब नवे आहेत, टापटिपीचे आहेत, वीज वाचवतात. ते मला म्हणाले, तुम्ही त्यांचे भाऊ ना, मग रक्तातच असणार. वहिनी, तीस वर्षं दोर तोडणाऱ्या माणसाच्या रक्तात असलंच तर वंगण असेल. पण मान हलवायची सवय नडली. सुरुवातीला बरं चाललं, आणि मग मेल जाईनासं झालं. दोर तुटत होते, आकडे निघत होते, थोरली ते ऐटीत पाकिटात घालत होती आणि पाकिटं रांगेत ठेवून देत होती. रांग हलेना. एक क्रेनवाले तर नव्या दोराच्या दाखल्यासाठी रोज माणूस पाठवू लागले. तो यायचा, बाकावर बसायचा, आणि मी जाईन तिकडे नुसता डोळ्यांनी मागे यायचा. एकदा कसंबसं त्यांचं पाकीट सुटलं, पण तेवढ्यात थोरलीच्या घड्याळाची बॅटरी संपलेली, त्यामुळे ती बाईसाहेब वीस वर्षं मागे गेलेली. क्रेनवाल्यांना दाखला मिळाला तो असा, की त्यांचा दोर तयार होण्याच्या कितीतरी आधी आमच्याकडे तुटलेला होता. माणूस पुन्हा बाकावर.

मग मी ती फाइल उघडली. मेल कुठून कुठे कसं जावं हे जिच्यात लिहिलेलं असतं ती मुख्य फाइल. त्यातला मजकूर म्हणजे टंकलेखन यंत्रावरून मांजर चालत गेलं आणि मग त्याच वाटेने परत आलं, असा. मधूनमधून दादाने माणसांच्या भाषेत टिपा लिहून ठेवल्यात, त्यांचाच काय तो आधार. पहिली टीप: याला हात लावू नये. थोडं खाली: याला तर मुळीच लावू नये. त्याखाली: लावलाच असेल तर मला घरी फोन करावा. मी फोन केला. एंगेज. (हे लक्षात ठेवा.) म्हणून मी स्वतःच जरा नीटनेटकं करायला घेतलं. त्या फाइलीत काही ठिकाणी मोकळी जागा फार पसरलेली दिसत होती, ती मी आवरून सारखी केली. तुमच्या जाऊबाई कपाट आवरतात तशी. त्यानंतर मेल जाणंच नव्हे, येणंही बंद झालं. पुढे कळलं की त्या फाइलीत टॅबचं बटण दाबून सोडलेली जागा आणि स्पेस देऊन सोडलेली जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोळ्यांना दोन्ही सारख्याच, कोरी जागा ती कोरी जागा. पण थोरलीला बरोब्बर कळतं आणि ती रुसते. अशा रुसव्याची आपल्या घराण्याला सवय आहे म्हणून मी डगमगलो नाही. सगळी जागा एकेक करून पूर्ववत केली. कंबर गेली ती तेव्हापासून.

फोन लागेना म्हणून शेवटी तुमच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. दादा ओट्याशेजारी धाकटीपुढे बसून दोन बोटांनी काहीतरी बडवत होता. मला बघितल्याबरोबर त्याने लोकरीचं झाकण पडद्यावर ओढलं. मला वाटलं, पत्त्यांचा खेळ खेळतोय आणि लाजतोय, म्हणून मीही बघितलं न बघितल्यासारखं केलं. घराची स्थिती फार वाईट नाही. म्हणजे दूध उतू गेलेलं, पण पुसलेलं. पुसलेला कपडा तुमचा चांगला नॅपकिन, पण धुऊन वाळत घातलेला. खिडकीतल्या कुंडीतलं रोप मात्र पाण्यात पोहत होतं. ओट्यावर कप दोन काढलेले. मी म्हटलं, माझी वाट बघत होतास की काय? तो म्हणाला, सवय आहे. मी मेलचं गाऱ्हाणं मांडलं, चल जरा बघून जा म्हटलं. तर म्हणे, मी निवृत्त आहे, त्या इमारतीत पुन्हा पाय ठेवणार नाही, काय विचारायचं ते थोरलीला विचार. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आम्ही प्रयोगशाळेत कधी तपासलेली नाही, पण घरात रोज बघतो. तुमचा विषय मी काढला नाही. त्यानेच काढला. म्हणाला, फोन अगदी वाजतच नाही रे. आणि उठून ते रोप बघायला गेला, ज्याच्यात बघण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी टेलिफोनच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने आमची तार तपासली, बॉक्स उघडला, मिटवला आणि मला बाजूला घेऊन अगदी घरच्यासारखं विचारलं, तुमच्याकडे कोणी तरुण मुलगी आहे का? कारण तार उत्तम आहे, पण इथलं कोणीतरी दिवसरात्र एकाच नंबरशी बोलत असतं. मी म्हटलं, इथे सगळ्यात तरुण मी. त्याने रिसीव्हर माझ्या कानाला लावला. आत ती किंचाळी, मोडेमची, जी तुमच्या घरी तुम्ही 'डोकं उठतं' म्हणून आवाज बंद करायला लावला होता तीच. थोरली कोणाशीतरी बोलत होती. मी विचारलं, नंबर कोणता? त्याने सांगितला. वहिनी, काखेत कळसा आणि गावाला वळसा. तो तुमच्या घरचा नंबर होता.

मग मी बसलो आणि रांगेतली पाकिटं एकेक करून बघितली, आणि त्यात आमच्या दोरांच्या दाखल्यांच्या पुढे, आडवी पडून वाट अडवून बसलेली काही पाकिटं सापडली. पाठवणारा: दादा. कोणाला: तुम्हाला. तुम्ही गेलात त्या दिवसापासूनची. झालं होतं ते असं. दादाने धाकटीवर बसून तुम्हाला पत्र लिहिलं. चिऊच्या पत्त्यावर थेट पाठवायला त्याला संकोच, लेक वाचेल. म्हणून तुमच्या नावच्या पेटीतच टाकलं, आणि धाकटीला सांगून ठेवलं की हिचं टपाल इथे ठेवू नकोस, ती सध्या इथे राहत नाही, थोरलीकडे पाठव. थोरलीकडून ते पुढे तुमच्यापर्यंत जाईल अशी त्याची समजूत. पण थोरलीच्या पत्त्यांच्या फाइलीत, त्याच्याच हातची, धाकटी घरी आली तेव्हाची ओळ होती: हिचं टपाल धाकटीकडे द्यावं. म्हणून धाकटी पत्र देते थोरलीला, थोरली बघते आणि म्हणते, अहो, ही तर धाकटीकडे राहते, आणि फोन लावून परत देते. धाकटी म्हणते, ती इथे नाही, आणि पुन्हा थोरलीला. अशा फार फेऱ्या झाल्या तर पत्र परत करायची सोय असते, पण पत्र परत करणं हा टपालाचा अपमान आहे या तत्त्वावर दादाने ती मर्यादा कधीच उठवून ठेवली होती. दोघी बहिणी तुमची पत्रं एकमेकींच्या ओटीत टाकत तुमचा फोन अडवून बसल्या होत्या. तुम्हाला वाटलं, त्याने फोन काढून ठेवलाय. त्याला वाटलं, तुम्ही करतच नाही. आणि जगाचं टपाल आयुष्यभर बिनबोभाट पोचवणाऱ्या माणसाचं स्वतःच्या बायकोला लिहिलेलं एकही पत्र त्याच्या ओट्यावरून आमच्या थोरलीच्या पलीकडे गेलं नाही.

आतलं मी वाचलेलं नाही. पण पाकिटावरचा विषय दिसतोच, आणि ज्या माणसाने कधी विषयाची जागा भरली नाही, त्याने ती या वेळी प्रत्येक पत्राला भरलीय. एकाचा विषय 'दुधाबद्दल'. दुसऱ्याचा 'दूध, पुन्हा'. एकाचा 'तुझा चष्मा फ्रीजवर होता'. एकाचा 'रोपाला पाणी किती घालायचं', आणि त्यानंतरच्याचा 'रोपाचं आता विचारत नाही'. एकाचा नुसता 'छोटी'. शेवटच्या काही पत्रांचा विषय एकच आहे, 'मिळालं का?'. हे बघून मला तिथे खुर्चीत बसल्याबसल्या रडू आलं. क्रेनवाल्यांचा माणूस बाकावरून उठून जवळ आला आणि म्हणाला, राहू दे साहेब, दाखला उद्या दिलात तरी चालेल.

आता राहिलं ते 'मशीनच पाठवतं' प्रकरण. मी थोरलीवर दादाचं खातं उघडून ती ओळ कुठे बांधलीय ते शोधलं, कारण मलाही तुमच्यासारखंच वाटलं होतं की घड्याळाला बांधली असणार. अमुक वाजले की पाठव. तशी ती नाही. माणूस काम संपवून मशीनला 'आता मी जातो' असं सांगतो, त्याला लॉग-आउट म्हणतात. दादाने ती ओळ त्याच्या शेपटाला बांधली होती. तो उठला तरच ती जायची, बसून राहिला तर बसून राहायची. निरोपाच्या दिवशी मंडळींनी त्याला दंडाला धरून समारंभाला नेलं, त्यात थोरलीला 'जातो' म्हणायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेबांना पडदा चालू दिसला. त्यांनी वीज वाचवली. त्या क्षणी, थोरलीच्या हिशेबाने, दादा निघाला. तिने इमानाने तुम्हाला कळवलं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका, तुम्ही स्वतः आठवून बघा. ती 'टिंग' कधी सहाला यायची, कधी साडेसातला, आणि लिफ्ट पडली होती त्या आठवड्यात दहालासुद्धा. घड्याळ असतं तर रोज एकाच वेळी वाजलं असतं ना? आणि मला एक सांगा वहिनी, इतक्या वर्षांत तुम्ही टाकलेला चहा त्याने कधी गार प्यायलाय का?

मी काही तुम्हाला शहाणपण शिकवायला बसलेलो नाही. तुम्हाला लागलं ते खरं लागलं. रोज हात पुसून उत्तर लिहिणाऱ्या माणसाला पलीकडे कोणी टाइप करत नव्हतं हे कळलं, तर ते लागणारच, आणि वर आकृती काढून दाखवली तर आणखी लागणार. तुमची उत्तरं यायची तेव्हा तो वाटेत असायचा. ती तो दुसऱ्या दिवशी सकाळी वाचायचा, पहिलं काम म्हणून, माझ्यासमोर. मी विचारायचो, काय आलं? तो म्हणायचा, सावकाश या. आणि दिवसभर खरंच सावकाश असायचा, आमच्यासारखा ओढाताणीत नसायचा. हे त्याने तुम्हाला कधी सांगितलं नसेल. थोरलीच्या पत्त्यांच्या फाइलीचंही असंच आहे. तिच्यात नुसतं लिहून भागत नाही, लिहिलंय ते आता वाच असं तिला वेगळं सांगावं लागतं. ते मला माहीत नव्हतं म्हणून मी दोन दिवस लिहीत होतो आणि ती जुनंच धरून चालत होती. दादाला मशीनच्या बाबतीत हे पक्कं ठाऊक आहे. माणसांच्या बाबतीत त्याला कोणी शिकवलंच नाही. माझा सगळा जन्म दोर तोडण्यात गेला, तेव्हा अनुभवाने एवढंच म्हणतो, की तुटेपर्यंत ताणू नये. हा दोर अजून चांगला आहे.

तूर्त मी तुमची पत्रं रांगेतून बाजूला काढून जपून ठेवली आहेत, एकही पुसलेलं नाही. वाट मोकळी झाल्याबरोबर क्रेनवाल्यांचा दाखला गेला, या सालच्या तारखेने गेला. साहेबांनी मला शाबासकी दिली आणि रक्तातच असतं म्हणाले. मी मान हलवली. चिऊला आणि जावयांना आशीर्वाद. छोटीच्या दातांना सांभाळून असा.

तुमचा
कंबर धरलेला दीर

ता. क. : दादाला यातलं काही कळू देऊ नका. नवशिक्यानेही करू नये अशी चूक थोरलीच्या पोस्टमास्तरने केली, आणि तीही तुम्हाला लिहिताना, हे त्याला सोसणार नाही. त्याला मी 'तार खराब होती' असं सांगितलंय. त्याचा विश्वास बसलेला नाही.

आणखी ता. क. : खरं काम राहिलंच. ही भानगड पुन्हा होऊ नये म्हणून थोरलीच्या फाइलीतली तुमच्या नावापुढची ओळ मला नव्याने लिहायची आहे. तिथे एकच गोष्ट विचारलेली असते, ही व्यक्ती राहते कुठे. चिऊचा पत्ता घालू की धाकटीच राहू देऊ? मला काय, दोन्ही टाइप करता येतं. पण तुमच्याऐवजी मी ते ठरवणं बरं नव्हे, म्हणून ती जागा कोरी ठेवली आहे. (टॅबने सोडलेली. स्पेसने नाही.) साहेब रोज विचारतात, अजून काय राहिलंय? मी सांगतो, एका पत्त्याची वाट बघतोय.

शेवटचं ता. क. : आतलं वाचलं नाही असं वर म्हटलंय, ते जवळजवळ खरं आहे. पाकीट हलवताना एका पत्राची पहिली ओळ दिसली. ती अशी होती: 'आज मी कुठूनच निघालो नाही, म्हणून तुला काय लिहावं ते कळत नाही.' वहिनी, निघण्यासारखं आता त्याच्याकडे काही नाही. तुमच्याकडे आहे. तेव्हा ज्या दिवशी त्या दातांचं काम उरकेल त्या दिवशी चिऊच्या कॉम्प्युटरवरून दादाच्या नावे एक ओळ पाठवा: 'निघाले. चहा टाका.' वाट मोकळी आहे, ती ओळ कुठेही अडकणार नाही, ते माझ्याकडे लागलं. संध्याकाळच्या वेळी तो धाकटीपुढेच बसलेला असतो, कप दोन काढलेले असतात. चहा मात्र पिण्याच्या लायकीचा नसेल, ते आधीच सांगून ठेवतो. मी पिऊन आलोय.